लिहिता-वाचता येतं का?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकते आहे. आधी गुडघ्याचं दुखणं, मग नातवाच्या परीक्षा, मग शेतावर कांदा काढणी... कारणं पुष्कळ. पण परवा आमच्या घरच्या ग्रुपवर एक वाद झाला आणि तो काही डोक्यातून जाईना. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

झालं असं, की माझ्या भाचीने गोव्याची एक जुनी बातमी टाकली. ३० मे २०२५ ला, म्हणजे गोव्याच्या घटक राज्य दिनाला, गोवा पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर झालं होतं. प्रमाण ९९.७२ टक्के. त्यावर पुण्याच्या भाच्याने लिहिलं, "मावशी, तुझा साक्षरतेचा विषय आता म्युझियममध्ये ठेवायचा." खाली हसणारी तोंडं चार-पाच. मी काही उत्तर दिलं नाही. एक तर मला टाइप करायला वेळ लागतो, आणि दुसरं म्हणजे उत्तर चार ओळींचं नव्हतं.

गोव्याला मी नावं ठेवणार नाही. ते आपल्या पुढेच आहेत आणि पुढे होतेच. पण त्याच गोव्याचा आकडा केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात ९३.६० टक्के होता. नंतर राज्याने स्वतः घरोघर शोध घेऊन आपला आकडा काढला. 'उल्लास' या केंद्राच्या योजनेत ९५ टक्क्यांच्या वर गेलं की पूर्ण साक्षर म्हणायचं असं ठरलेलं आहे. म्हणजे एका मोजणीने गोवा दाराबाहेर उभा आणि दुसरीने थेट माजघरात. माणसं तीच. मग बदललं काय? मोजणारा आणि मोजायची पद्धत. माझं सगळं म्हणणं या पद्धतीबद्दलच आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे, की मी शाळेत असताना जनगणनेचं काम तीनदा केलं. १९८१, १९९१ आणि २००१. शिक्षकांच्या गळ्यात पडणारं ते काम, पण मला आवडायचं. सोनईच्या आसपासच्या वस्त्या मी त्या निमित्ताने जेवढ्या पाहिल्या तेवढ्या एरवी पाहिल्या नसत्या. ओट्यावर बसायचं, पाणी यायचं, चहा यायचा आणि मग प्रश्न सुरू. त्यात हा एक असायचा : लिहिता-वाचता येतं का? जनगणनेची व्याख्या सोपी आहे. सात वर्षं पूर्ण झालेल्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता आणि वाचता येतं ती साक्षर. नुसतं वाचता येत असेल आणि लिहिता येत नसेल, तर नाही. नुसती सही येत असेल तर मुळीच नाही. शाळेत गेलेलं असलंच पाहिजे असंही नाही.

व्याख्या सोपी, पण उत्तर कोण देतं ते बघा. बाई चुलीपाशी, आणि ओट्यावर तिचा नवरा, नाहीतर सासरा, नाहीतर मुलगा. तोच सगळ्यांच्या वतीने सांगतो. १९९१ साली एका घरी मालकांनी मला सांगितलं, "बाई, तिला येतं की. सही करती ती. लिहा साक्षर." मी विचारलं, पत्र वाचता येतं का? ते म्हणाले, पत्र येतंय कशाला कुणाचं? आतून त्या माउलीने पदराआडून मान हलवली. नाही. मी "निरक्षर" लिहिलं. मालक घुश्शात. त्यांना तो घराण्याचा अपमान वाटला. मी माझी वही मिटून पुढच्या घरी गेले. पण सांगायचा मुद्दा असा, की ती मान मला दिसली म्हणून. मी बाई माणूस, दारातून आतपर्यंत माझी नजर गेली. अशा किती माना त्या वर्षी देशभरात कुणालाच दिसल्या नसतील!

इंग्रजांच्या काळात १९११ च्या जनगणनेपासून एक कसोटी होती ती मला फार आवडते. मित्राला पत्र लिहिता यावं आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता यावं. किती नेमकं! आमच्या लहानपणी गावात पोस्टमन पत्र द्यायचा आणि बऱ्याच घरी वाचूनही दाखवायचा. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या पत्रातलं घरातलं गुपित पोस्टमनला आधी कळायचं. त्या कसोटीने आपल्या गावात तेव्हा किती जण टिकले असते कोण जाणे. देशाचा आकडा १९५१ साली जेमतेम १८ टक्के होता. २०११ ला तो ७३ झाला, महाराष्ट्राचा ८२. (दर काही वर्षांनी हिशोबाचं वयही बदललं. १९८१ पर्यंत पाच वर्षांपासून पुढे धरत, १९९१ पासून सात. त्यामुळे जुने-नवे आकडे शेजारी ठेवताना जरा जपून.)

अवांतर वाटेल, पण सांगते. १९५१ च्या फेब्रुवारीत जनगणना झाली तेव्हा बहिणाबाई चौधरी जळगावात हयात होत्या. त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्या गेल्या, आणि त्यांची गाणी पुस्तकात आली १९५२ ला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी टिपून ठेवली ती मुलाने आणि नात्यातल्या माणसांनी. नियमाप्रमाणे त्यांच्या नावापुढे एकच शब्द लिहिता येत होता. नियम चुकीचा नव्हता. रकाना तेवढाच होता. असो.

तर विचारून मोजण्याचं हे असं. जनगणनेतही तेच आणि श्रमशक्ती सर्वेक्षणातही तेच; घरातला एक जण सगळ्यांबद्दल सांगतो. प्रत्यक्ष वाचायला लावणारं एक मोठं सरकारी सर्वेक्षण मात्र आपल्याकडे आहे, ते म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. खरं ते बाळंतपणं, लसी, रक्तक्षय यांच्यासाठी. पण त्यात बाईच्या हातात एक कार्ड देतात. त्यावर तिच्या भाषेतलं एक साधं वाक्य. वाच म्हणतात. तिथे नवऱ्याला मधे बोलून चालत नाही. हे मला फार पटलं.

पण तिथेही बारकावे आहेत बरं का. पूर्ण वाक्य वाचलं तरी साक्षर आणि वाक्याचा थोडा भाग वाचला तरी साक्षर. लिहायला सांगतच नाहीत. आणि कार्ड सगळ्यांना देत नाहीत. २०१५-१६ च्या फेरीत सहावी किंवा पुढे शिकलेल्यांना न वाचताच साक्षर धरलं होतं. २०१९-२१ च्या फेरीत ती मर्यादा नववीपर्यंत नेली, म्हणजे आठवी झालेलीलाही आता वाचून दाखवावं लागलं. का बरं नेली असेल? चाळीस मुलांच्या वर्गापुढे ज्याने उभी हयात काढली त्याला हे सांगायला नको. सहावी पास होणं आणि सहावीचं पुस्तक वाचता येणं यांत कधीकधी मोठी दरी असते. त्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ७१.५ टक्के बायका आणि ८४.४ टक्के पुरुष देशात साक्षर निघाले.

वाचणं म्हणजे तरी काय, हाही एक घोळ आहे. आमच्याकडे नेवासा जवळ, त्यामुळे हरिपाठ घराघरात. आमच्या ओळखीचे एक आजोबा होते. पुस्तक समोर उघडून, ओळीवर बोट फिरवत खणखणीत म्हणायचे. पानही बरोबर जागी उलटायचे! एकदा मी सहज त्यांच्यापुढे वर्तमानपत्र धरलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हे अक्षर बारीक हाये." अक्षर मथळ्याचं होतं, चांगलं बोटभर उंच. आजोबांना हरिपाठ सगळा पाठ होता, पुस्तक नुसतं सोबतीला. कार्डावरचं अनोळखी वाक्य हवं ते याचसाठी.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं तेव्हा मात्र मोजमाप फार काळजीपूर्वक ठरवलं होतं. हे आता कुणाला आठवत नाही. मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचता यावेत, मनात वाचताना ३५. बघून लिहिताना मिनिटाला ७ शब्द, सांगितलेलं लिहिताना ५. एक ते शंभर अंक, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार, शिवाय वजनं-मापं, प्रमाण आणि व्याज यांची साधारण समज. तीन पुस्तिका होत्या आणि प्रत्येकीत तीन चाचण्या. नव्वदच्या दशकात रात्रीच्या वर्गात आम्ही घड्याळ समोर ठेवून शब्द मोजले आहेत. दिवसभर खुरपून आलेली बाई मिनिटाला पाच शब्द लिहिते तेव्हा तिच्या हाताकडे बघावं. खुरपं धरल्यासारखी पेन्सिल धरते, टोक मोडतं. पण व्याज हा शब्द त्या यादीत होता यासाठी मी त्या माणसांना मानते. कारण आपल्याकडे फसवणूक होते ती अक्षरांपेक्षा आकड्यांत जास्त.

आता त्या आकड्यांकडे येते.

२०२४ च्या मार्चमध्ये 'उल्लास'ची परीक्षा झाली, १७ तारखेला रविवारी, जिल्हा परिषदेच्या शाळांमधून. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी. १५० गुण : वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. आमच्या मागच्या आळीतल्या एक काकू बसल्या होत्या. सत्तरीच्या जवळ आहेत. त्याआधी दोन-अडीच महिने दुपारच्या माझ्याकडे येत. मी त्यांना विचारलं, कापूस वेचायचा दर किलोला १२ रुपये, ३७ किलो वेचला, तर किती? माझं वाक्य पुरं होईस्तोवर उत्तर आलं. "तीस किलोचे तीनशे साठ, सात किलोचे चौऱ्याऐंशी. चारशे चव्वेचाळीस." मी म्हटलं, आता हे लिहा. त्यांनी पाटीवर सावकाश लिहिलं, ४००४४.

बघा बरं. त्यांनी जसं ऐकलं तसं लिहिलं. चारशे, म्हणजे चारावर दोन शून्यं, आणि पुढे चव्वेचाळीस. बोलण्यात ते बरोबर आहे! लिहिण्यात मात्र चारशे चव्वेचाळीसचे चाळीस हजार चव्वेचाळीस झाले. पहिली-दुसरीच्या मुलांची हीच गंमत असते, पण त्या मुलांना ३७ गुणिले १२ तोंडी येत नसतं. कागदावर मोजणाऱ्याने या उत्तराला शून्य द्यायचं. आणि तोंडी मोजणाऱ्याने? त्याने तर काकूंना पैकीच्या पैकी द्यायला हवेत.

आमच्या आधीची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी पाठ करायची. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. हल्लीच्या मुलांना सांगितलं तर वाटतं मी थट्टा करते आहे. एक रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर, असला व्यवहार रोजचा असल्यावर अपूर्णांकांशिवाय गत्यंतर नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो आला आणि पावकीची गरज संपली. काकूंनी शाळा पाहिली नाही, पण त्यांच्या वडिलांकडून हे सगळं कानावर पडलेलं. "साडेतीन पायल्या अडीच रुपयांनी" हे त्यांच्या डोक्यात अजून गाण्यासारखं चालतं. हे कोणत्या सर्वेक्षणात येतं? जनगणनेत हिशोबाचा प्रश्नच नाही. साक्षर की निरक्षर, बस.

उलट बाजूही बघा. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालाने २०१७ साली १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना, २८ जिल्ह्यांत, रोजच्या व्यवहारातली कामं दिली होती. ही मुलं सगळी सरकारदरबारी साक्षर म्हणावीत अशी. पैसे ७६ टक्क्यांना बरोबर मोजता आले. वजनांची बेरीज ५६ टक्क्यांना. पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली तर लांबी ८६ टक्क्यांनी बरोबर सांगितली, आणि तीच वस्तू शून्य सोडून दुसऱ्या आकड्यापासून ठेवली तर फक्त ४० टक्क्यांनी. शून्यापासून ठेवलेली पेन्सिल मोजणं म्हणजे आजोबांचा हरिपाठ झाला. जरा सरकवली की खरं कळतं.

माझा भाचा म्हणेल, हे आपल्याकडचंच. नाही रे बाबा. श्रीमंत देशांची ती ओईसीडी संघटना १६ ते ६५ वयाच्या माणसांची अशी परीक्षा घेते. डिसेंबर २०२४ मध्ये ३१ देशांचे निकाल आले, साधारण १ लाख ६० हजार माणसं तपासून. फिनलंड, जपान वगैरे वरती. पण सरासरीने पाहिलं तर वाचनात २६ टक्के आणि गणितात २५ टक्के प्रौढ सगळ्यात खालच्या पायरीवर किंवा त्याच्याही खाली. अमेरिकेत वाचनात २८ आणि गणितात ३४ टक्के! (न्यू जर्सीकरांनो, रागावू नका.) तिथे "येतं का" असं कुणी विचारतच नाही. औषधाचं पाकीट, वेळापत्रक, तक्ता असलं काही समोर ठेवतात आणि माणूस कोणत्या पायरीवर आहे ते बघतात. साक्षर आणि निरक्षर असे दोनच कप्पे नसतात. भारत त्या पाहणीत नाही.

आता कुणी म्हणेल, आकडा कमी-जास्त झाला म्हणून काय बिघडलं? बिघडतं. आकड्यावर पैसा येतो. २००९ ला 'साक्षर भारत' योजना आली तेव्हा २००१ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्यात प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा कमी, मुख्यतः त्या जिल्ह्यांना ती मिळाली. म्हणजे २००१ साली ओट्यावरच्या कुणा मालकाने "लिहा साक्षर" म्हटलं, त्याचा परिणाम आठ वर्षांनी चुलीपाशी बसलेलीला भोगायला लागू शकतो. आणि ९५ चा टप्पा गाठला की जाहीर समारंभ होतो. समारंभानंतर रात्रीच्या वर्गाला कंदील कोण देणार?

काकू त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या. प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलं आहे. मी पेढे खाल्ले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या घोडेगावच्या मार्केटची कांद्याची हिशोबपट्टी घेऊन माझ्याकडे आल्या, नातवाला घेऊन. नातू बारावी सायन्सला. पट्टी छापलेली, शाई फिकट, वर हाताने खरडलेलं. हमाली, तोलाई, वाराई, सगळं आखूड करून लिहिलेलं. काकूंना त्यातलं एक अक्षर लागेना. नातवाने वाचलं, "नऊ क्विंटल साठ किलो, भाव अकराशे पन्नास." आणि खिशातला मोबाइल काढायला लागला. तोवर काकू म्हणाल्या, "नवाचे धा हजार तीनशे पन्नास, साठ किलोचे सहाशे नव्वद. अकरा हजार चाळीस. आता कापलं किती ते वाच." त्याने वाचलं, त्यांनी वजा केलं. दोघांनी मिळून पट्टी पुरी केली आणि हिशोब बरोबर निघाला. मग मला म्हणाल्या, "आवो बाई, ह्याला वाचाया येतं आन मला मोजाया. मग साक्षर कोन म्हनायचं?" मी काय सांगणार! तिसरी मी, बी.ए. झालेली, मला वाराई म्हणजे नक्की कशाचे पैसे हे काकूंनाच विचारावं लागलं.

मला कुणी प्रश्नपत्रिका काढायला सांगितली तर मी हीच पट्टी ठेवीन. तिच्यासोबत गोळ्यांचं एक पाकीट, आणि बचत गटातला तो नेहमीचा प्रश्न : शेकडा दोनने घेतलेलं स्वस्त की वर्षाला १२ टक्क्यांनी? शेकडा दोन म्हणजे महिन्याचे, वर्षाचे २४ होतात. गटातल्या बायकांना हे झोपेतही येतं. पदवीधर जावयाला एकदा विचारून बघा.

आता एक काम सांगते, विशेषतः पुण्या-मुंबईच्या मंडळींना. २०२७ च्या जनगणनेत मोबाइलवर स्वतःच माहिती भरायची सोय ठेवली आहे. १ मार्च २०२७ ही तिची ठरलेली घडी. म्हणजे ओट्यावरचा मालकसुद्धा आता नको. घरातला जो मोबाइलवर पटाईत, तोच सगळ्यांची उत्तरं भरणार. आजी, गावाकडची मावशी, घरी राहणारी कामवाली, सगळ्यांची. तर आजीच्या नावापुढे येईल ते बटण दाबण्याआधी तिच्याजवळ जाऊन बसा. तिला पाठ नसलेलं काहीतरी समोर ठेवा, दोन ओळी वाचायला सांगा, दोन लिहायला सांगा, आणि मगच भरा. तिचा हिशोबही विचारा, त्याला रकाना नाही तरी. काय निघालं ते मला फोन करून कळवा. संध्याकाळी सातनंतर करा, तोवर आमच्या गाईंची धार झालेली असते.